कडूबाची वरची दाढ

कडूबाला राग यायला निमित्त लागत नसे, पण गेले आठ महिने त्याला निमित्तही मिळालं होतं. डावीकडची, वरची, अगदी शेवटची अक्कलदाढ. तिशीत अर्धीमुर्धी उगवली होती, तीही गालाकडं तोंड करून, आणि आता पंचेचाळिशीत ठणकायला लागली होती. पिंपळगाव रेणुकाईत देवळाच्या रस्त्यावर त्याचं शिलाईचं दुकान. कुणी नुसतं "कधी देता?" विचारलं तरी तो खेकसायचा, "मंग मी काय हितं माशा मारून राह्यलो का?" दाढ दुखायला लागल्यापासून तर बायका स्वतः यायच्याच बंद झाल्या. मापाचा ब्लाउज शेजारणीच्या हाती पाठवून द्यायच्या.

दाढेत त्यानं लवंग दाबून पाहिली, कापूर दाबून पाहिला, शेवटी तंबाखूची गोळी कायमचीच बसवली. दवाखान्याचं नाव काढलं की तो अंगावर धावून जायचा, कारण दाढ वरची होती. वरची दाढ काढली की त्या बाजूचा डोळा जातो, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या घरातच घडलं होतं.

त्याच्या मायनं, झुंबरबाईनं, आठवडी बाजारात रस्त्यावर बसणाऱ्या दातवाल्याकडून वरची दाढ उपटून घेतली होती. वर्षाच्या आत त्या बाजूचा डोळा धुरकट झाला. मग दुसराही. पुढं अकरा वर्षं माय दुकानाच्या कोपऱ्यात बसून हातानं चाचपत हुकं-बटणं लावायची. रोज सकाळी कडूबा दहा सुयांत दोरा ओवायचा आणि एका जाड चिंधीवर ओळीनं टोचून तिच्या मांडीवर ठेवायचा. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. माय जाऊन दोन वर्षं झाली, दातवाला तर तिच्याही आधी मेला, पण त्याच्या नावानं कडूबाच्या शिव्या काही थांबल्या नव्हत्या.

मायच्या त्या अकरा वर्षांत एकदा डोळ्यांच्या शिबिराची जीप गावात आली होती. झुंबरबाई शेजारणीचा हात धरून परस्पर जीपमध्ये जाऊन बसली, पिशवीत एक लुगडं घेऊन. कडूबाला कळलं तसा तो टेप गळ्यात घेऊनच पळाला आणि भर चौकात त्यानं तिला खाली उतरवलं. "दाढेनं गेलेला डोळा आपरेशननं येत असतो का? म्हातारीला फसवायला निघाले," म्हणून त्यानं जीपवाल्यांचा उद्धार केला. माय पिशवी छातीशी धरून तशीच घरी आली होती. हा किस्सा तो गिऱ्हाइकांना मोठ्या तोऱ्यात सांगायचा. आपण फसलो नाही, याचा त्याला अभिमान होता.

श्रावणात एका सकाळी त्याचं तोंडच उघडेना. भाकरीचा घास दातांपाशी अडला. गयाबाईनं, त्याच्या बायकोनं, ताट बाजूला सारलं. "आवो, डोळा जाईल तवा जाईल, हितं जीव चाललाय," म्हणाली आणि त्याला भोकरदनला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई आकांक्षा म्हणून होती, त्याच्या पोरीच्या वयाची. एवढ्यावरच त्याचं डोकं फिरलं. तिनं एक्स-रे काढला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "काका, ही दाढ वाकडी आलीय. गालाला घासून जखम झालीय आणि तिच्यावर तुम्ही तंबाखू ठेवलीय. शेजारची दाढही किडायला लागलीय. खालची सरळ आहे, ती राहू द्या. ही मात्र काढावीच लागेल."

"वरची हाय ती," कडूबा म्हणाला. "डोळ्याचं काय?"

"डोळ्याचा काही संबंध नाही."

"संबंध कसा न्हाई? मह्या मायचा गेल्ता. मी पाह्यलाय."

आकांक्षा चिडली नाही. हातमोजे काढून समोर बसली. "बुबुळ पांढरं झालं होतं का त्यांचं?"

"दुधावानी."

"आणि दुसरा डोळा?"

"त्यो बी तसाच झाला."

"मग त्याही बाजूची दाढ काढली होती का?"

एवढ्या वर्षांत हे कडूबाला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानं स्वतःला तर नाहीच नाही.

"मी त्यांना पाहिलेलं नाही, पण हा मोतीबिंदू असणार," ती म्हणाली. "साधं ऑपरेशन असतं. कुणाला दाखवलं नव्हतं का?"

गयाबाई खाली मान घालून पदराचा काठ चोळत राहिली. कडूबा खुर्चीत उठून बसला. "तुमी तुमचं काम करा म्याडम. मह्या मायचं नाव काढू नका."

आणि तो पुन्हा आडवा झाला. दुखणं सोसेना हे एक, पण त्याहून मोठं कारण म्हणजे राग. डोळा गेला की ह्या पोरीच्या दवाखान्यासमोर येऊन तमाशा करीन, असं त्यानं पक्कं ठरवलं. खरं सांगायचं तर डोळा जावा असंच त्याला वाटत होतं. शिंप्याचा डोळा, ज्याच्यावर घर चालतं, तो गेलेला परवडला, पण ही पोर खोटी पडली पाहिजे.

सुईनं गाल बधिर झाला. चिमट्याचा जोर बसला, कानाजवळ काहीतरी कडकन वाजलं आणि दाढ निघाली. जखमेवर कापूस दाबून तिनं बजावलं, आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, तंबाखू तर बिलकुल नाही. दाढ त्यानं कागदात बांधून मागून घेतली. पुरावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी गाल टम्म फुगला, डोळ्याखालीही सूज आली. "बघ, सुरू झालं," तो गयाबाईला म्हणाला, जवळजवळ समाधानानं. रोज दुकानाच्या पायरीवर उभं राहून तो उजवा डोळा तळहातानं झाकायचा आणि देवळाच्या झेंड्याकडं बघायचा. झेंडा दिसायचा. तिसऱ्या दिवशी दिसला, चौथ्या दिवशी सूज उतरली आणि जास्तच नीट दिसला.

सहाव्या दिवशी सकाळी त्यानं यंत्राच्या खणातून मायची चिंधी काढली. उजवा डोळा मिटून सुई समोर धरली. दोरा पहिल्या झटक्यात आत गेला. दुसरी सुई घेतली, तिसरी घेतली. अशा दहाही सुया ओवून झाल्या, चिंधीवर ओळीनं लागल्या.

गयाबाई चहा घेऊन आली. "दिसतं ना मंग?" तिच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता.

"दिसून राह्यलं," तो म्हणाला. "बराबर दिसून राह्यलं."

कप त्यानं घेतला नाही. त्या दहा सुयांकडं बघत बसला. त्याला कुणाला तरी शिवी हासडायची होती, पण नेहमीची शिवी त्या दातवाल्याला लागू पडेना.

"पिशवीत लुगडं घेतल्तं तिनं," तो म्हणाला. "जायचंच होतं तिला. जीपीतून म्या उतरवली."

गयाबाईनं चहा खाली ठेवला आणि दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं.