रुमालवाली आणि रक्तपिशाच

टीव्हीवाले तिला रुमालवाली म्हणत. तिने लिहिलेल्या मालिकांत कुणी ना कुणी सतत डोळ्यांना रुमाल लावलेला असायचा, आणि बघणाऱ्या बायकाही घरोघरी तेच करायच्या. नावाचा तिला राग नव्हता. इतकी वर्षं नवरा बस चालवत होता आणि ती लोकांना रडवत होती. संसार दोघांवर चालला होता.

म्हणून एका निर्मातीने सिनेमा लिहायला तिच्या पुढ्यात एक जाडजूड कादंबरी ठेवली, तेव्हा तिला वाटलं, हिचा काहीतरी घोटाळा होतोय. शाळाकॉलेजच्या मुलींनी डोक्यावर घेतलेलं पुस्तक ते. सतरा वर्षांची मुलगी, तिच्या वर्गात नव्याने आलेला फिकट, देखणा मुलगा, आणि तो निघतो शंभर वर्षांचा रक्तपिशाच. पिशाच असला तरी सज्जन. माणसाच्या रक्ताला शिवत नाही.

"मला भुतंखेतं जमत नाहीत हो," ती म्हणाली.

"भुतांचं आम्ही बघतो. तुम्ही प्रेमाचं बघा."

घरी येऊन तिने पुस्तक वाचलं आणि कपाळाला हात लावला. सगळी गोष्ट त्या मुलीच्या मनात घडत होती. त्याने बघितलं, हिचा जीव खालीवर. त्याने बघितलं नाही, तरी खालीवर. आता जीव खालीवर होताना कॅमेऱ्याला कसा दिसणार? तिने आधी मुलीचे विचार मागून आवाजात ऐकवले. ते रेडिओसारखं वाटायला लागलं. मग मन मोकळं करायला एक मैत्रीण दिली, तर मैत्रीण इतकी बडबडी झाली की कधी एकदा तिला पिशाच चावतोय असं वाटावं. दोन्ही खर्डे केराच्या टोपलीत गेले.

मधेच पुस्तक गायब झालं. सापडलं ते स्वयंपाकघरात, नवऱ्याच्या हातात. तो नुकताच निवृत्त झाला होता. वर्तमानपत्रापलीकडे त्याने जन्मात काही वाचलं नव्हतं.

"अहो, दूध उतू चाललंय!"

"थांब गं. तो तिला खरं सांगतोय."

तिने गॅस बंद केला, ओटा पुसला, तरी त्याची मान वर होईना. नंतर मात्र त्याने तिला प्रश्नांनी भंडावून सोडलं. शंभर वर्षांचा माणूस पुन्हा शाळेत कशाला जातो? हौस म्हणून? मी एकदाच गेलो, तेच जड झालं. घरच्यांनी बोलावल्याशिवाय याला उंबरा ओलांडता येत नाही, मग वर्गात कोण बोलावतं? तिला हसू आवरेना. पण एकदा जेवताना तो म्हणाला, "मला त्या पोराची दया येते. ती म्हातारी होणार, आणि हा आहे तस्साच."

"वाईट काय त्यात? तरुण राहायला कुणाला नको?"

"एकट्याने?" तो म्हणाला आणि भाजी वाढून घेतली.

त्या रविवारी ती न्हाणीघरात स्टुलावर बसली होती, खांद्यावर जुना टॉवेल. केसांना पुढून रंग ती स्वतः लावायची, मागे हात पोचत नाही म्हणून नवरा लावायचा. बस वळवावी तसा ब्रश सावकाश फिरायचा. "मान खाली. आणखी. हलू नकोस, कानाला लागेल." आरशात तिला त्याचं डोकं दिसलं. पार पांढरं, स्वतःच्या केसांचा नाद त्याने कधीच सोडला होता. आणि एकदम तिच्या मनात आलं, हे त्या मुलाच्या वाट्याला कधीच येणार नाही.

डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून तशीच ती टेबलाशी जाऊन बसली.

तिने लिहिलं ते असं. मुलगा पहिल्यांदा मुलीच्या घरी येतो. आत तिचे वडील तिच्या आईचे केस रंगवतायत. "ये बाळ, आत ये," वडील म्हणतात, "जरा ही वाटी धरतोस?" तो वाटी धरून उभा राहतो. वडील तिच्यात ब्रश बुडवून रंग लावत राहतात. जिन्यावरून मुलगी त्याचा चेहरा बघते, आणि याला काय हवंय नि काय मिळणार नाही, ते तिला कळतं. पुस्तकात यासाठी अख्खं प्रकरण खर्ची पडलं होतं.

पण करारात अट होती, की कादंबरीच्या लेखिकेच्या संमतीशिवाय काही बदलायचं नाही. लेखिका तरुण होती, शाळेत गणित शिकवायची. निर्मातीच्या ऑफिसात, दिग्दर्शकासमोर बसून तिने सगळे कागद वाचले नि मिटले.

"माझ्या पुस्तकात केस रंगवणं नाही, ताई."

"नाही."

"आणि गच्चीवरचं वाक्य कुठे गेलं?"

गच्चीवर तो मुलगा म्हणतो, 'माझं हृदय धडधडत नाही, म्हणून तुझं ऐकत बसतो.' "मला ते जरा जास्तच गोड वाटलं," रुमालवाली म्हणाली.

"मुलींनी ते हातावर गोंदवून घेतलंय!"

दिग्दर्शक खिडकीबाहेर बघायला लागला. वाद घालायचा तिचा पिंड नव्हता. तिने सरळ त्या रविवारची हकिकत सांगितली. स्टूल, टॉवेल, नवऱ्याचं पांढरं डोकं, सगळं.

लेखिकेने मिटलेले कागद पुन्हा उघडले. "तुमच्या मिस्टरांनी वाचलंय माझं पुस्तक?"

"दुसऱ्यांदा वाचतायत."

तेव्हा कुठे ती हसली. "केस राहू देत. पण गच्ची परत हवी. एक शब्द इकडचा तिकडे नको."

पहिल्या खेळाला थिएटर मुलींनी भरलं होतं. वाटीचा प्रसंग आला आणि सगळं शांत झालं. कंटाळल्या की आणखी काही, तिला कळेना. शेजारून नवरा कुजबुजला, "एवढा रंग घेतात का ब्रशवर? ओघळेल ना कपाळावर."

मग गच्ची आली. मुलाने तोंड उघडायच्या आत सगळ्या थिएटरने ते वाक्य एका सुरात म्हटलं. त्याचा आवाज ऐकूच आला नाही. रुमालवाली खुर्चीत पुढे सरकून बसली. तिचं एखादं वाक्य लोकांना असं पाठ आहे, असं कधी झालं नव्हतं, आणि हे ती खोडून टाकणार होती. पुढच्या रांगेतून लेखिकेने मागे वळून पाहिलं. पडद्याच्या उजेडात रुमालवालीने दोन्ही कान पकडले.

सिनेमा चालला. जाणत्यांनी वाटीच्या प्रसंगाचं कौतुक केलं, मुलींनी गच्चीचं. निर्मातीने लगेच कादंबरीचा दुसरा भाग आणून दिला. घरी रुमालवाली तो टेबलावर ठेवते न ठेवते तोच कळलं, नवऱ्याचा तिसराही वाचून झालाय.

"पुढे काय होतं सांगू?"

"सांगाल तर खबरदार."

चहा होईपर्यंत त्याने कसाबसा दम धरला. मग कप उचलत, आपल्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत म्हणाला, "बरं, मुलीचा बाप किती भला निघतो, तेवढं तरी सांगू?"