तळ्याच्या बाई

कुठलंही पाणी दिसलं की बाई आधी वाकून त्याचा वास घ्यायच्या. मग ती विहीर असो, नाहीतर शाळेची टाकी. जेऊरजवळच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. गाव त्यांना तळ्याच्या बाई म्हणायचं, आणि ते नाव त्यांनी तळ्यात उतरून मिळवलं होतं.

त्या वर्षी जलपर्णीनं गावतळं या काठापासून त्या काठापर्यंत झाकून टाकलं. जांभळी फुलं बघून लोक फोटो काढायला यायचे. बाईंनी वर्ग काठावर नेला आणि पानांची जाड गादी हातानं बाजूला सारली. खाली पाणी काळं पडलं होतं. "ऊन आत जात नाही, पाण्यातल्या वनस्पती मरतात, हवा संपते. माशांनी श्वास कसा घ्यायचा?"

तळ्यावर मासेमारी करणाऱ्या तानाजीला जाळं टाकायला जागा उरली नव्हती. तो तणनाशकाचा कॅन घेऊन आला, तेव्हा बाई आडव्या उभ्या राहिल्या.

"दोन दिसात समदं जळंल की, बाई."

"जळेल आणि तळाशी जाऊन कुजेल. कुजताना उरलीसुरली हवाही खाईल. तुझे राहिलेले मासे उलटे तरंगतील."

"मग काय हातानं उपटू?"

"हो. मी येते की."

पन्नाशी उलटलेल्या बाई पदर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. दोन दिवस ते दोघंच होते. तिसऱ्या दिवशी बायका विळे घेऊन आल्या, मीही उतरले. उन्हाळा संपेतो पाणी मोकळं झालं. गावानं सत्कार ठरवला, तो बाईंनी मोडून काढला. "बी गाळात वर्षानुवर्षं राहतं. हार कसले घालता?"

पावसाळ्यानंतर रोपं उगवलीच. पण आता दिसेल ते रोप तानाजी स्वतः उपटून लांब उन्हात टाकत होता. तिसऱ्या वर्षी पाणकावळे परतले.

निवृत्तीनंतर बाई सोलापूरला मुलीकडे राहायला गेल्या. तानाजी आणि मी त्यांना शेवटचं भेटलो, तेव्हा त्यांना दिसेनासं झालं होतं. तानाजीनं डब्यातून तळ्यातला मोठा रोहू नेला होता. बाई पुजाऱ्याच्या घरातल्या, जन्मात मासा खाल्ला नव्हता.

"तुमी खात न्हाय, ठावं हाय," तो म्हणाला. "नुसता हात लावा."

बाईंनी डोक्यापासून शेपटीपर्यंत सावकाश बोटं फिरवली.

"चांगला पोसलाय," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.