आजी शांत आहेत, त्रास नाही

दहावीचा भूमितीचा पेपर होता. महाडला आमच्या शाळेतच केंद्र, त्यामुळे आम्हा शिक्षकांचे मोबाइल सकाळीच ऑफिसच्या कपाटात जमा. पेपर संपला, गठ्ठे बांधून झाले, कुणा मुलीची बाकावर राहिलेली पाण्याची बाटली फाटकापर्यंत पोचवली आणि मग फोन हातात घेतला.

पोलादपूरच्या पुढे आमचं गाव. तिथल्या शेजारच्या वैनींचे मिस्ड कॉल होते. त्यांच्या वर होम केअर सेंटरचा मेसेज: ‘आजची सेवा कशी वाटली? पाच स्टार देऊन आमचा उत्साह वाढवा!’

मी वैनींना फोन लावला.

“आई गेल्या गो ताई,” त्या म्हणाल्या.

आमच्याकडे सुतकाच्या घरी कुणी रिकाम्या हाताने येत नाही. पिठलं-भात येतो, चहा-साखर येते. या वेळी प्रत्येकाने सोबत एक किस्साही आणला. मुलं मुंबई-पुण्याला, म्हातारी माणसं इथे अंथरुणात, आणि आजूबाजूच्या बहुतेक घरांत माणूस पाठवणारं सेंटर तेच. एकाने सांगितलं की दुसऱ्याला आपलं आठवतं. आम्ही हसलोसुद्धा. सुतकात हसू नये म्हणतात, पण हे लोक हसायला लावतात त्याला काय करायचं?

*

पहिला किस्सा माझाच. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा सेंटरचा मॅनेजर नितीन स्वतः घरी आला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. “ताई, आमचा स्टाफ फुल्ली ट्रेंड असतो. क्वालिटी आणि सेफ्टीत आम्ही तडजोड करत नाही.”

त्याने सुनीताला सोडलं आणि तो गेला. सुनीता डोंगरातल्या एका वाडीवरची, हसऱ्या चेहऱ्याची. मी तिला विचारलं, “ट्रेनिंग कुठे झालं गं तुझं?”

“गाडीत.”

“गाडीत म्हणजे?”

“महाडवरनं येताना नितीनदादा सांगत होते ना. पेशंटला कसं उठवायचं, कसं धुवायचं. पण मला वळणावर गाडी लागली, म्हणून अर्धंच झालं!”

बाकीचं अर्धं तिला आईने शिकवलं. एका बाजूने लुळी पडलेली, बोबडं बोलणारी माझी आई!

*

शिवथरचे कदमकाका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. काकूंचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा त्यांनीही सेंटरची बाई ठेवली होती. एके दिवशी काका अंगणात आले, तर कपड्यांच्या दोरीवर रबरी हातमोजे वाळत घातलेले.

“बाई, हे वापरून टाकून द्यायचे असतात ना?”

“धुतलेत ना काका. सेंटर एकच जोड देतं.”

जेवताना काकांना कैरीच्या लोणच्याला कसलासा वास आला. लोणचं कालवताना तिखटाने हात भगभगतात, म्हणून बाईने तेच मोजे घातले होते!

काकांनी संतापून फोन केला. नितीन म्हणाला, “पण काका, हायजीनची आवड आहे तिला, हे तुम्ही मान्य कराल!”

*

कुडपणचा किस्सा माझ्या मावसभावाने, विलासने सांगितला. त्याचे वडील, आमचे अण्णा, ऑक्सिजनवर होते. सेंटरचा नियम असा की रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर तपासणी व्हायची. आता पठारावर रेंज कुठली? रेंज येते ती देवळामागच्या कातळावर. तेव्हा तिथली बाई रोज अण्णांना घरात एकटं ठेवून कातळावर जायची.

“पेशंट दाखवा,” तिकडून हुकूम.

“पेशंट घरी हाय.”

“मग तुम्ही कुठे आहात?”

“तुमच्या तपासणीला आलेय!”

एकदा ती परतली तर अण्णांच्या नाकातली नळी निघालेली आणि ओठ निळे पडलेले. विलास वेळेवर गुरं सोडून आला म्हणून निभावलं. तरी त्या महिन्यात सेंटरने त्या बाईला ‘उत्कृष्ट सेविका’ ठरवलं, कारण तिने एकही कॉल चुकवला नव्हता.

*

हे सांगून विलास हसला. मग माझ्याकडे वळला. मला म्हणाला, “तुझं सांग. नेमकं काय झालं?”

सांगितलं. शिमग्यात सुनीताच्या गावची पालखी घरोघर फिरते. पालखी दारात आली आणि ओवाळायला घरातली बाई नाही, हे आपल्याकडे चालत नाही. सुनीता जाणार हे सेंटरला आठवडाभर आधी माहीत होतं. सगळ्याच मुलींना शिमग्याला गावी जायचं असतं, दरवर्षी. म्हणजे हे काही अचानक कोसळलेलं संकट नव्हतं!

सुनीताने माझ्यासमोर नितीनला फोन केला होता. “दादा, आजींना गिळताना तरास होतो. सगळं दाटसर पेजेसारखं, तेपण उठवून बसवून, चमच्याने. नुसतं पाणी नाय द्यायचं. नवीन बाईला सांगाल ना?”

मग फोन मी घेतला. तेच पुन्हा सांगितलं.

“ताई, मी पर्सनली ब्रीफ करतो,” नितीन म्हणाला.

बदलीची बाई आली त्याच दिवशी, मी भूमितीच्या पेपरवर असताना, आमच्या गावची पालखी आली. ढोल वाजायला लागले. वैनींनी पालखीसमोर फोडलेल्या नारळाचा प्रसाद घरात आणून दिला. आईने हात पुढे केला. ती बाई चांगल्या घरची, देवाचं मानणारी. आजारी माणसाने देवाचा प्रसाद मागितला तर नाही कोण म्हणेल? तिने खोबऱ्याचा तुकडा आईच्या तोंडात घातला. ठसका लागला तशी निजल्या निजल्याच पाणी पाजलं. आपल्या आईला पाजलं असतं तसं.

मी पोचले तेव्हा ती ओटीवर भिंतीला टेकून रडत होती. मी तिला एवढंच विचारलं, “तुला सेंटरने काय सांगितलं होतं?”

“सांगितलं होतं ना ताई. आजी शांत हायत, तरास नाय.”

*

तेराव्यानंतर नितीन टेम्पो घेऊन आला. आईची, कमरेतून वर उचलणारी लोखंडी खाट सेंटरची होती. हात जोडून म्हणाला, “ताई, फार वाईट झालं. देवाची मर्जी.”

मी म्हटलं, “देवाला ब्रीफ केलं होतंत का पर्सनली?”

तो खाटेचे नटबोल्ट सोडवायला लागला.

“कुठे चाललीय खाट?”

“दासगावला. एक आजोबा आहेत. सेम केस, अर्धांग. मुलगा मस्कतला असतो, घरी फक्त सून. उद्या आपली एक मुलगी पाठवतोय कामाला.”

“त्यांना गिळता येतं का?”

नितीनने पान्हा खाली ठेवला आणि जरा आठवल्यासारखं केलं.

“ते मुलगी गेली की बघेल ना, ताई. तसे आजोबा शांत आहेत.”

खाट टेम्पोत चढली. त्या सुनेला सावध करायचं म्हणून ड्रायव्हरला मी घर विचारून घेतलं: नदीकडच्या रस्त्याला, निळ्या पत्र्याच्या पडवीचं.

दासगावला मी अजून गेलेले नाही.