करवंटीतली बाळंतीण

परवा एका मित्राकडे माशांच्या टाकीत उपडी करवंटी दिसली आणि मला आमचं पेणजवळचं खाडीकाठचं घर आठवलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात होतो. तिथं माझ्या टाकीत अशाच करवंटीत क्रिबेन्सिस जातीच्या मासोळीनं अंडी घातली होती. बोटाएवढी ती, पोट पिकल्या जांभळासारखं. याआधी माणसांच्या वर्दळीनं घाबरून तिनं स्वतःचीच अंडी खाल्ली होती. या वेळी तरी पिल्लं जगावीत, एवढंच मला हवं होतं.

आईला हे सांगितलं, तर तिनं जुनं लुगडं काढलं आणि बाळंतिणीच्या खोलीला आडोसा करतात तसं टाकीभोवती बांधलं. मला हसू आलं.

शेजारची काकू आलीच. "माशाची बाळंतीण कधी बघितली नाय गो!"

"मग आता पण नाय बघायची," आई म्हणाली. "बारशाला ये."

काही दिवसांनी सकाळी मी लुगडं हळूच सरकवलं. मासोळी बाहेर आली होती आणि तिच्या पोटाखाली रव्याच्या कणांएवढी पिल्लं लुकलुकत होती. मी आईला बोलावलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"तू झालास तवा मला कुठला रे आडोसा? ओली बाळंतीण, तशीच मिठागरावर गेले."

तिच्या मिठागराच्या मजुरीवर मी शिकत होतो, हे मला ठाऊक होतं. हे मात्र तेव्हा कळलं.

तिनं लुगडं पुन्हा टाकीभोवती नीट ओढून घेतलं.

"चल, पडू दे तिला जरा."