डायरेक्ट केलेली तार

माझा राग टिकाऊ आहे. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्या काळात मला शेंडी लावू पाहणाऱ्यांची नावं अजून पाठ आहेत. पण सगळ्यांत जास्त राग मी धरला तो वारज्यातल्या एका गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनवर. त्याचं दुकान आमच्या घरापासून दोन चौक पलीकडे.

बाबांची फुप्फुसं अधू झाली आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. नाकात नळी घालून ते दिवसभर खिडकीशी बसत. त्यांचं मागणं एकच होतं, रविवारी मंडईत जायचं. फारसं काही घ्यायचं नसे. भाव विचारायचा, नाक मुरडायचं, पुढच्या गाळ्यावर जायचं, ही त्यांची आयुष्यभराची चैन. आता निदान गाडीत बसून तरी ती करता यावी म्हणून मी एक जुनी व्हॅन घेतली आणि दुसरी बॅटरी बसवायला त्या माणसाकडे दिली.

कल्पना सोपी होती. पहिली बॅटरी इंजिन चालू करायला. दुसरी मागच्या सीटखाली, इन्व्हर्टरवर बाबांचं मशीन चालवायला. घरात आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचो. दोघींच्या मध्ये एक रिले. गाडी चालू असताना तो दोघींना जोडतो, म्हणजे धाकटीही चार्ज होते. गाडी बंद केली की तोडतो. धाकटी पार संपली तरी थोरली शाबूत राहते आणि किल्ली फिरवली की इंजिन लागतं, मशीनही चालतं. हे सगळं मी त्याला वहीत काढून दाखवलं होतं. त्यानं वहीकडे पाहिलंही नाही.

"मॅडम, तुम्ही नका डोकं लावू," तो म्हणाला. "वीस वर्षं हेच करतोय."

पहिल्याच रविवारी मंडईच्या कडेला गाडी लावली. बाबा खिडकीतून एका भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होते आणि फार खुशीत होते. दीड तासानं इन्व्हर्टर ओरडायला लागला. मी शांतपणे किल्ली फिरवली. नुसतं टक्. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. मशीन बंद पडलं. बाबांचे ओठ निळसर व्हायला लागले. छोटा सिलिंडर घरी राहिला होता, कारण माझा गाडीवर विश्वास होता. त्या भाजीवालीनं हाक मारून चार हमाल गोळा केले, त्यांनी गाडी ढकलली, इंजिन लागलं, आणि मी सिग्नल न बघता दवाखाना गाठला.

बाबा वाचले. पण घरी आल्यावर म्हणाले, "आता बाहेर नको गं. इथंच बरं आहे."

दुसऱ्या दिवशी मी सीट उचलली. रिले होता, छान स्क्रू मारून बसवलेला. पण दोन्ही बॅटऱ्यांच्या जाड तारा त्याच्या एकाच बोल्टवर एकत्र आवळल्या होत्या. रिले नुसता शोभेला. मी तडक त्याच्या दुकानात गेले.

"डायरेक्ट केलंय," तो म्हणाला, अगदी सहज. "रिले कटकट करत होता. डायरेक्टला काय नसतंय मॅडम, लोड दोन्हीवर पडतो. चालतंय की."

या शब्दाला मराठीत तोड नाही. फ्यूज उडतो? डायरेक्ट करा. स्विच बिघडला? डायरेक्ट करा. जे मध्ये आहे ते कशासाठी आहे हे विचारायचं नाही, वगळायचं, आणि गिऱ्हाइकाला सांगायचंही नाही. बाबांचा जीव त्या मधल्या चार बोटांच्या डबीत होता, आणि यानं ती वगळली. मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. मला त्याच्या दुकानासमोर, त्याच्या गिऱ्हाइकांदेखत, त्याची जिरवायची होती.

तीन महिने लागले. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत फिरून जाड तांब्याच्या तारा, फ्यूज, नवा रिले आणला. एका दुकानदारानं विचारलं, "कशाला हवंय?" मी म्हटलं, "एका माणसाला दाखवायला." तारेच्या टोकाला लग, म्हणजे बोल्टवर बसणारी तांब्याची कडी, दाबायला शिकले, हातावर फोड आले, दोनदा सगळं उसकटून पुन्हा जोडलं. त्यावर पारदर्शक झाकण बसवलं आणि आत माझ्या फळ्यावरच्या अक्षरात पाटी लावली: "येथे काहीही डायरेक्ट केलेले नाही."

मग बाबांच्या मागे लागले. आठवडाभर ते नको म्हणत होते. एका रविवारी हो म्हणाले. मी सिलिंडरही घेतला, त्यांना गाडीत बसवलं, मशीन लावलं. चौकात आल्यावर मंडईचा रस्ता सोडून मी उलटी वळले.

दुकानासमोर गाडी लावली, इंजिन बंद केलं, मागचं दार उघडलं. तीन गिऱ्हाइकं होती. तो हात पुसत बाहेर आला.

"दीड तास मशीन चालवते," मी मोठ्यानं म्हटलं. "मग तुमच्यासमोर गाडी चालू करते. मागच्या वेळी झाली नव्हती. हे माझे वडील, तेव्हा गाडीत हेच होते."

गिऱ्हाइकांनी पाटी वाचली. एकानं आपल्या गाडीची किल्ली काउंटरवरून परत उचलली. इलेक्ट्रिशियनचा चेहरा उतरला. काय बरं वाटलं मला! तीन महिन्यांच्या फोडांचं चीज झालं. तो खिडकीशी जाऊन म्हणाला, "काका, चूक झाली."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता, मांडीवर कापडी पिशवी घडी करून ठेवली होती. ती मी तोवर पाहिलीच नव्हती.

"मला वाटलं मंडईत चाललोय," ते म्हणाले.

दीड तास राहिला बाजूला, मी घाईनं किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात चालू झाली. म्हटलं, "चला, आत्ता जाऊ. वेळ आहे अजून."

"घरी चल," ते म्हणाले.

त्यानंतर ते व्हॅनमध्ये बसले ते दवाखान्यात जायलाच, तेही दोनदा. मी पुष्कळ विनवलं, पण हातानंच नको म्हणायचे. ते गेल्यावर कुणीतरी सांगितलं की त्या इलेक्ट्रिशियनचं दुकान बसलं. ऐकून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पण बाबा जीव मुठीत धरून एकदाच पुन्हा बाहेर पडले होते, आणि तो रविवार मी त्या माणसावर खर्च केला.