ताटाभोवतीचं पाणी

कोलकात्यात सॉल्ट लेकच्या नव्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबल आलं, त्याच दिवशी कालिंदीनं नवऱ्याला ताकीद दिली. "अहो, ते पाणीबिणी फिरवणं आता बंद. पॉलिश जाईल."

प्रभाकर ताटाभोवती पाणी फिरवून, उजवीकडे भाताची शितं ठेवून मगच पहिला घास घेत. त्यांनी मुकाट्यानं हात मागे घेतला.

त्याला वर्ष होऊन गेलं. टेबल अजून चकचकीत होतं, पण कालिंदीचा जीव थाऱ्यावर नव्हता. पडदे बदलले, फ्रिज मोठा घेतला, तरी शेजारच्या फ्लॅटमधून आली की आपलं घर तिला उणं वाटे. आणि हा माणूस जेवणाला नावं ठेवायला कधी शिकला? "आमटी पांचट झालीय." "हा कसला तांदूळ आणलास?" वाटी सरकवायची, फोन उघडायचा, बाहेरून काहीतरी मागवायचं.

या फ्लॅटमध्ये येण्याआधी ती दोघं कोलकात्याबाहेर बजबजला राहत; प्रभाकर तिथल्या ज्यूट मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा शेजारच्या घोषकाकीमा पदराखालून तांदूळ आणून देत. जमिनीवर ताट, त्यात नुसता मीठभात; पण त्याभोवतीही पाणी फिरायचंच. तेव्हा प्रभाकरांनी कशालाच नावं ठेवली नव्हती.

रविवारी तिनं भरली वांगी केली. एक घास घेऊन प्रभाकरांनी ताट सरकवलं. "मीठ कमी आहे. मी मागवतो काहीतरी."

कालिंदीच्या डोक्यात तिडीक गेली. वांग्यांचं काही नाही. तो हात मागे घ्यायला आपणच लावलं, हे तिला वर्षभर खुपत होतं. तिनं त्यांचा फोन उचलून फ्रिजवर ठेवला, तांब्या घेतला आणि ताटाभोवती धार धरली.

"अगं, डाग पडेल!" त्यांनी नॅपकिन ओढला.

"पडू दे."

"आणि घास घेतल्यावर कुणी पाणी फिरवतं का? आधी फिरवायचं असतं!"

"मग उद्यापासून आधी फिरवा. तुमचं तुम्ही."

पाणी कडेवरून ठिबकू लागलं. नॅपकिन त्यांच्या हातातच राहिला. मग त्यांनी चार शितं उचलून ताटाच्या उजवीकडे ठेवली.

"घोषकाकीमा असतील का गं अजून?"

"कुणाला ठाऊक? आपण परत गेलो कुठे?"

प्रभाकर ताट पुढे ओढून म्हणाले, "मीठ दे जरा."

मीठ खरंच कमी होतं.

टेबलावर डाग पडला. कालिंदी जाता-येता त्यावरून फडकं फिरवते. तो गेलेला बरा की राहिलेला, हे तिचं तिलाच ठरवता येत नाही.