इंद्रजिताला वाचवणारे मामा

जगात आजवर जेवढी लढाऊ विमानं पडली, त्यांतली निम्मी तरी माझ्या बायकोच्या मामांनी पाडली असावीत, आणि तीही कुंभकोणमच्या आमच्या घरात, झोपाळ्यावर बसल्या बसल्या. दर शनिवारी संध्याकाळी पितळी भांड्यांचं आपलं दुकान बंद करून मामा आमच्याकडे येतात, उपरणं कमरेला घट्ट आवळतात, झोपाळ्याच्या दोन कड्या दोन हातांत धरतात आणि मला म्हणतात, "जांवई, बसा. पट्टा बांधा." पट्टा कुठला? मी आपला लुंगीची गाठ चाचपून त्यांच्या शेजारी बसतो. समोर टीव्हीवर तमिळमध्ये डब केलेला कुठला तरी विमानयुद्धाचा सिनेमा सुरू होतो आणि पुढचे दोन तास आमच्या बैठकीतलं काहीही जागेवर राहत नाही. विमान डावीकडे कललं की झोपाळा डावीकडे, सूर मारला की झोपाळा पुढे. एकदा मागे लागलेल्या शत्रूला चुकवताना मामांनी असा काही झोका घेतला की त्यांची कॉफी थेट माझ्या लग्नाच्या फोटोवर गेली. मामांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "लढाईंत इतकें होतें," एवढंच म्हणाले.

मी मूळचा कऱ्हाडचा. बँकेने बदली करून मला इकडे कावेरीकाठी पाठवलं आणि इथल्याच एका मराठी घराने मला जावई करून घेतलं. ही मंडळी मराठेशाहीच्या काळात इकडे आली ती इकडचीच झाली. घराबाहेर तमिळ आणि घरात तीनशे वर्षांपूर्वीची मराठी. पहिल्या भेटीत मामांनी माझं बोलणं नीट ऐकून घेतलं आणि सासूबाईंना माझ्यादेखत सांगितलं, "पोर बरा आहे अक्का. मराठी तेवढी बिघडली आहे. दुरुस्त होईल." अजून ते आशा धरून आहेत.

मामांना सिनेमांची नावं ठाऊक नसतात. नावात त्यांना रसच नाही. त्यांच्या हिशेबी एक 'धुक्याचा सिनेमा' असतो, एक 'लाल मफलरचा', एक 'म्हाताऱ्या कप्तानाचा', आणि तेवढ्यावर आमचं सगळं भागतं. दोन मजली पंखांची जुनी विमानं त्यांना सर्वांत प्रिय, कारण त्यात वैमानिकाचं तोंड दिसतं. "माणसाचें तोंड दिसलें नाहीं तर कोणासाठीं रडूं?" हा त्यांचा सवाल बिनतोड आहे. हल्लीचे संगणकावर केलेले सिनेमे ते पाहतात, पण कपाळाला आठ्या घालून. "अय्यो, हे काय ढग? कापूस चिकटविला आहे." नायिका धावपट्टीवर रुमाल हलवायला आली की ते उठतात, स्वयंपाकघरात जाऊन कॉफी मागतात आणि ती रुमाल खिशात घालेपर्यंत परत येत नाहीत.

हे वेड दुकानातही जातं. जवळच्या नाचियार्कोविल गावचे पितळी दिवे त्यांच्याकडे विकायला असतात. त्या दिव्यांच्या टोकावर हंस असतो, हे इकडच्या पोराटोरांनाही माहीत आहे. मामा प्रत्येक हंस डोळ्यांसमोर धरून त्याचे पंख न्याहाळतात आणि एक पंख जरासा बारीक असला तरी दिवा परत पाठवतात. "हा उजवीकडे कोसळेल," म्हणतात. दिवे घडवणारा कारागीर शेवटी वैतागून त्यांना म्हणाला, "ऐया, हा उडायचा नाही हो, ह्याच्याखाली वात लावायची आहे." मामांनी तरीही तो हंस घेतला नाही.

भाचीच्या हट्टाखातर ते एकदा तिरुचीहून चेन्नईला खऱ्याखुऱ्या विमानाने गेले. आम्हाला वाटलं, आता महिनाभर आपली धडगत नाही. परत आले ते तोंड पाडूनच. विचारलं तर म्हणाले, "बस बरी होती. इतका वेळ बसलों, मागें एकहि शत्रू नाहीं."

पण मामांचं खरं वैभव सिनेमा संपल्यावर सुरू होतं. आमच्या घरातल्या ज्या कुणाचा सिनेमा चुकला असेल, त्याच्यासाठी मामा तो सांगतात, आणि सांगतात तो कथेसारखा. म्हणजे आपल्याकडच्या कीर्तनासारखा: पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये साकी, दिंडी, हातात चिपळ्या. कथा करणं हे त्यांच्या घराण्याचं काम. आजोबा करायचे, वडील करायचे. धुक्याच्या सिनेमात नायकाच्या बंदुकीतल्या गोळ्या संपतात. मागून आलेला शत्रू ते ओळखतो, एक सलाम ठोकतो आणि गोळी न झाडता निघून जातो. मामा तिथे थांबून डोळे मिटतात आणि स्वतः रचलेली साकी म्हणतात:

धुकें दाटलें चोहींकडुनी, दिसे न अपुला हात,
मागें वैरी, पुढती पर्वत, गोळ्या सरुनी जात!

मग सलाम येतो, आणि मामा रडतात. हा सिनेमा त्यांनी मला इतक्या वेळा सांगितला आहे की त्या शत्रूचा मला घरच्या माणसासारखा लळा लागला आहे. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज येतो, "पुरे रे ते मेलें विमान." पण मी पाहिलं आहे, साकी चालू असताना त्यांच्या हातातली पळी हलत नाही.

एवढा गुणी माणूस मग बैठकीतच का गातो, असं कुणीही विचारील. त्याचं कारण इंद्रजित. आमच्या गल्लीच्या टोकाला मराठी मंडळींचा एक लहानसा भजनमठ आहे आणि त्याचा कारभार सासूबाईंच्या हाती आहे. काही वर्षांपूर्वी तिथे मामा इंद्रजितवधाची कथा करत होते. ढगाआडून लढणारा योद्धा! मामांना आणखी काय हवं होतं? इंद्रजित उंच गेला, कलला, वळला, ढगात घुसला, बाहेर आला. मंडळी माना डोलावत होती. मग लक्ष्मणाचा बाण सुटला आणि मामांचा जीव कासावीस झाला. इतका निष्णात वैमानिक, आणि मारायचा? त्यांना ते होईना. त्यांनी भर सभेत इंद्रजिताला भली मोठी रेशमी छत्री उघडून दिली आणि अलगद रानात उतरवला. डोलणाऱ्या माना जागच्या जागी थांबल्या. एका वृद्ध गृहस्थांनी चाचरत विचारलं, "मग वध?" मामा म्हणाले, "विमान गेलें तें गेलें. माणूस वांचला पाहिजे." सासूबाई उठल्या आणि त्यांनी भावाच्या हातातून चिपळ्या काढून घेतल्या.

तेव्हापासून मामा मठात शेवटच्या रांगेत बसून झांजा वाजवतात. तक्रार एका शब्दाची नाही. पण दर उत्सवाला बाहेरगावचे कथेकरी, ज्यांना इकडे भागवतर म्हणतात, ते कथेला उभे राहिले की मामा जरीकाठी उपरणं घालून खांबाला टेकून उभे राहतात आणि त्यांचे ओठ हलत असतात. जिथे बाप उभा राहिला, तिथे आपण उभं राहावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं. विमानांनी त्याला बैठकीत राजा केलं होतं, पण बैठक म्हणजे मठ नव्हे. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

यंदाच्या रुक्मिणीकल्याणाला, म्हणजे रुक्मिणीच्या लग्नाच्या उत्सवाला, भागवतर आले ते घसा बसवूनच आले. आमच्याकडची रीत अशी की आदल्या संध्याकाळी कथेत कृष्णाने रुक्मिणीला हरण करून आणायची, आणि सकाळी भजनात त्या दोघांचं लग्न लावायचं. कथा झाली नाही तर नवरी माहेरी, कुंडिनपुरातच अडकलेली. मग सकाळी लग्न कुणाचं लावणार? मांडव घातलेला, हार आलेले, शेजारच्या गल्ल्यांतली माणसंही यायला लागलेली, आणि भागवतर गरम पाण्याचा पेला धरून नुसते हातवारे करत होते. सासूबाईंनी सगळ्या मठावरून नजर फिरवली. कथा येणारा माणूस एकच होता आणि तो खांबाला टेकलेला होता.

त्यांनी मामांना बाजूला घेतलं. मी जवळच होतो. "हें पाहा," सासूबाई म्हणाल्या, "विमान नको. इंजिन नको. छत्री तर नकोच नको."

"सरी, अक्का."

"ढगहि नको."

मामा विचारात पडले. "सूर्य?"

सासूबाईंनी या प्रश्नात काही डाव आहे का ते शोधलं. सापडला नाही. "सूर्य असूं दे," त्या म्हणाल्या. "सूर्य देव आहे."

इथेच त्या फसल्या. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पूर्वरंग मामांनी असा शांत, सोवळा केला की सासूबाईंच्या चेहऱ्यावरची आठी गेली. रुक्मिणीचं पत्र झालं, अंबेचं देऊळ झालं. कृष्णाने तिला रथात घेतली आणि मामांनी उपरणं कमरेला आवळलं. ते मी पाहिलं आणि माझा हात कमरेच्या गाठीकडे गेला. द्वारका पश्चिमेला, मामांनी सांगितलं, आणि वेळ सायंकाळची. मावळता सूर्य समोर. कृष्णाचा रथ त्या सूर्यात शिरला आणि मागून येणाऱ्या राजांचे डोळे दिपले, थेट लाल मफलरच्या सिनेमातल्या शत्रूसारखे. कुठे गेला रथ? दिसेना! मामांच्या चिपळ्या थांबल्या. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी एकटा पुढे आला, भुवईवर हात धरून. आणि मग कृष्णाचा सारथी दारुक याने लगाम आवळला, रथ डावीकडे कलला, आणि मामा कलले. मी कललो. माझी सवयच ती. पण माझ्याबरोबर अख्खा मठ कलला! ज्या पोरांना 'जेवलों' यापलीकडे मराठी येत नाही, तीही कलली. घसा बसलेले भागवतर पेल्यासकट कलले. सूर्याच्या आडून रथ उलटा फिरून रुक्मीच्या पाठीवर आला, आणि तो बिचारा अजून समोरच पाहत होता. तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "अरे दारुका, उजवीकडे पाहा! जरासंध आला, उजवीकडे!"

ओरडल्या होत्या त्या सासूबाई.

मामांनी क्षणभरही न अडखळता रथ उजवीकडे घेतला. बहिणीच्या इशाऱ्यामुळे जरासंधाचे बाण वाया गेले, रुक्मी पाशात सापडला, आणि रुक्मिणीने भावासाठी पदर पसरला. कृष्णाने त्याचे केस आणि मिशा भादरून त्याला सोडून दिलं. हे मामांनी केलेलं नव्हे, हे पोथीत आहे. शत्रू जिवंत राहिला, आणि तोही शास्त्राच्या संमतीने! मामांचा चेहरा असा उजळला की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी वाजवल्याही. मठात टाळ्या वाजवत नाहीत, पण त्या संध्याकाळी सगळ्यांनीच वाजवल्या. मामा जिंकले होते आणि एकही विमान उडालं नव्हतं.

कथा संपली की कथेकऱ्याला हार घालतात, बुक्का लावतात आणि सगळे त्याच्या पाया पडतात. तो नारदाच्या गादीवर उभा असतो, तेव्हा वय बघत नाहीत. सासूबाई सर्वांत आधी आल्या. धाकट्या भावापुढे त्या वाकायला लागल्या तसे मामा घाबरून मागे सरले. "अक्का, तूं नको."

"उभा राहा नीट," त्या म्हणाल्या. "नमस्कार नारदाला आहे, तुज नाहीं." आणि त्या वाकल्या. पण त्यांना पुन्हा उठता येईना. एक हात जमिनीवर टेकून त्या तशाच राहिल्या. मामांनी गळ्यातल्या हारासकट खाली बसून त्यांना दोन्ही हातांनी उठवलं.

घरी परतताना सासूबाई माझ्या बायकोबरोबर पुढे चालल्या होत्या, एका हाताने ओट्यांच्या कडांचा आधार घेत. मामा माझ्याबरोबर मागे होते. एरवी लढाई जिंकली की त्यांचं तोंड थांबत नाही. त्या दिवशी ते नुसते चालत होते. रस्त्यातली माणसं थांबून त्यांना हात जोडत होती, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. मी म्हटलं, "मामा, काय कथा केलीत! अजून काय हवं?"

ते बहिणीच्या पाठीकडे पाहत होते.

"जांवई," ते म्हणाले, "इतकीं वर्षें मी वर आकाशांतच पाहत बसलों. अक्का म्हातारी कधीं झाली, तें मी पाहिलोंच नाहीं."

मग भरभर पावलं टाकत ते पुढे गेले आणि त्यांनी बहिणीचा हात धरला. तिने तो झटकला. त्यांनी पुन्हा धरला, तेव्हा मात्र तिने तो राहू दिला.